गाठीला उष्णता, पेशींना ऑक्सिजन : हायपरथर्मियाचे संशोधन कसे वाचावे

‘कर्करोगाच्या पेशी ४२ अंशांना मरतात, तेव्हा रोज कढत पाणी प्या’ अशा अर्थाचा संदेश डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटावर अधूनमधून फिरत असतो. तो निव्वळ खोटा असता तर एकवेळ सोडून देता आला असता. पण गाठ तापवून उपचार करण्याचे, म्हणजे हायपरथर्मियाचे, संशोधन खरे आहे, नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आहे आणि त्यातले काही निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. म्हणूनच ते मुळातून वाचण्याची सवय हवी. कोकणातील महाविद्यालयांत विज्ञान शिकणारे आणि शिकवणारे, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, आणि घरात रुग्ण असल्यामुळे रात्री मोबाइलवर शोधनिबंध धुंडाळणारे नातेवाईक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यासाठी एक वही, साधा कॅल्क्युलेटर आणि बारावीचे गणित पुरते. एवढेच पक्के धरून चालावे की या विषयात रक्तप्रवाह परस्परविरोधी अशी दोन कामे करतो. तो गाठीला ऑक्सिजन आणून देतो आणि त्याच वेळी तिच्यातील उष्णता वाहून नेतो. वाचताना अडखळायला झाले, तर बहुतेक वेळा यांपैकी एका कामाचा विसर पडलेला असतो.

शोधनिबंध हाती आल्यावर आधी त्यातील तापमान आणि वेळ शोधून वहीत लिहावी. साधारण ४० ते ४४ अंश सेल्सिअस आणि तासाभराचा अवधी असेल, तर ते हायपरथर्मियाचे संशोधन होय. यात उष्णता एकटी दिली जात नाही, तिच्यासोबत रेडिएशन किंवा केमोथेरपी असते. आकडा ५५-६० अंशांच्या पुढे असेल, तर तो विषय वेगळा. यकृतातील गाठीत सुई घालून रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हने ती जाळून टाकण्याचा तो उपचार असतो, आणि तिथे पेशीतील प्रथिने थेट गोठत असल्याने ऑक्सिजनचा प्रश्न फारसा उरत नाही. दोन्ही प्रकारांचे निष्कर्ष एकत्र करून लिहिलेले लेख सर्रास आढळतात. असा लेख मी तरी पुढे वाचत नाही. कढत पाण्याबद्दल एवढेच सांगता येईल की शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी अहोरात्र राबत असते आणि कपभर पाण्याने खोलवरची गाठ ४२ अंशांवर जात नाही. जीभ मात्र भाजते.

आता ऑक्सिजनकडे वळावे. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१९ मध्ये स्नायूंतील केशवाहिन्यांचा अभ्यास करताना प्रत्येक केशवाहिनीभोवती ऊतीचा एक नळकांड्यासारखा भाग कल्पिला आणि त्यात ऑक्सिजन किती दूर पोचेल याचे गणित मांडले. केशवाहिन्यांच्या नियमनावरील संशोधनासाठी त्यांना पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पेशींच्या दोऱ्यांची त्रिज्या सुमारे १६० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असेल तेव्हा मध्यभागी मृत भाग नव्हता आणि ती २०० मायक्रॉनच्या वर गेली की मृत भाग हमखास होता. पोफळीच्या बागेत पाटाला लागून असलेली झाडे तुडुंब पाणी पितात आणि शेवटच्या ओळीपर्यंत ओलच पोचत नाही, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की गाठीतील ‘शेवटची ओळ’ रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यावर असते.

हे अंतर स्वतः काढून पाहावे, कारण एकदा हाताने काढले की निबंधातील आलेख डोळ्यांसमोर सुटे होत जातात. नळकांड्याऐवजी सपाट थर धरला तर सूत्र सोपे होते : अंतराचा वर्ग बरोबर दोन गुणिले विसरण गुणांक (ऑक्सिजन ऊतीतून किती झपाट्याने पसरतो त्याचे माप) गुणिले रक्तवाहिनीजवळचा ऑक्सिजनचा दाब, भागिले पेशींचा खप. विसरण गुणांक सेकंदाला २००० वर्ग मायक्रॉन घ्यावा, दाब ४० मिलिमीटर पारा घ्यावा आणि खप सेकंदाला १६ मिलिमीटर पारा घ्यावा. हे आकडे प्रत्यक्ष ऊतींत आढळणाऱ्या मर्यादेतलेच आहेत, केवळ हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून गोल केले आहेत. वर्ग १०,००० येतो, म्हणजे अंतर १०० मायक्रॉन. या अंतरावर ऑक्सिजन शून्य होतो. मधल्या जागेतला दाब काढण्यासाठी, शून्यबिंदूपर्यंत एकूण अंतराचा जो हिस्सा अजून उरला आहे त्याचा वर्ग करून त्याला ४० ने गुणावे. निम्म्या वाटेवर दाब निम्मा, म्हणजे २०, असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो १० च राहतो.

याच हिशेबात एक बारकावा पाहण्यासारखा आहे. रेडिएशनची परिणामकारकता पेशीतील ऑक्सिजनवर अवलंबून असते. ऑक्सिजन अजिबात नसलेल्या पेशी मारायला सुमारे अडीच ते तीनपट मात्रा लागते, आणि ही संवेदनशीलता निम्म्यावर येते ती ३ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. आपल्या थरात दाब ३ वर येतो तो सुमारे ७३ मायक्रॉनवर. म्हणजे ७३ ते १०० मायक्रॉन या पट्ट्यात, जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीत, अशा पेशी राहतात ज्या जिवंत आहेत, पुढे वाढूही शकतात, पण रेडिएशनला दाद देत नाहीत. उपचारानंतर गाठ पुन्हा डोके वर काढते त्यात या पट्ट्याचा मोठा वाटा असतो. हायपरथर्मियाच्या संशोधकांचे लक्ष या पट्ट्याकडे का लागले, हेही इथेच उलगडते : ऑक्सिजन नसलेल्या आणि त्यामुळे आम्ल साचलेल्या भागातील पेशी रेडिएशनला चिवट असल्या, तरी उष्णतेला त्या अधिक लवकर बळी पडतात. शिवाय रेडिएशनने तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या यंत्रणेत उष्णता अडथळा आणते.

मग तापवले की ऑक्सिजन वाढतो की घटतो? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा लेख संशयाने वाचावा. तापमान वाढले की पेशींचा खप वाढतो. दहा अंशांना दुप्पट हा ढोबळ नियम धरला तर ३७ वरून ४२ वर जाताना तो सुमारे १.४१ पट होतो, म्हणजे १६ चा २२.६. सूत्रात हा आकडा घातला की १०० मायक्रॉनचे अंतर ८४ वर येते. नुसते तापवल्याने उपाशी पट्टा रक्तवाहिनीकडे सरकतो, ही गोष्ट उत्साही लेखांत सहसा सापडत नाही. दुसऱ्या बाजूला, उष्णतेने हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. ते निम्मे रिकामे होण्याचा दाब ३७ अंशांना २७ मिलिमीटर पाऱ्याच्या जवळ असतो, तो ४२ अंशांना ३५-३६ पर्यंत जातो. तिसरी गोष्ट रक्तप्रवाहाची. सौम्य तापमानात, म्हणजे ४१-४२ अंशांपर्यंत, गाठीतील प्रवाह वाढू शकतो. हिशेब उलटा मांडून पाहावा : खप वाढल्यावरही १०० मायक्रॉनचे अंतर टिकवायचे, तर रक्तवाहिनीजवळचा दाब ४० वरून ५६ च्या पुढे न्यावा लागतो. प्रवाह तेवढा वाढला तरच ऑक्सिजनच्या बाजूने नफा.

विसरणाचा वेग आणि ऑक्सिजनची विद्राव्यता हे दोन्ही तापमानानुसार बदलतात, पण ते बदल लहान आणि विरुद्ध दिशांचे असल्याने पहिल्या हिशेबात बाजूला ठेवावेत.

प्रवाहाची ही गोष्ट उंदरांत आणि माणसांत सारखी नाही, त्यामुळे प्रयोग कोणावर झाला ते निबंधात जरूर पाहावे. उंदरांच्या गाठींमध्ये ४३ अंशांच्या आसपास तासभर तापवले तर नाजूक रक्तवाहिन्या कोलमडतात आणि ऑक्सिजन उलट घसरतो. माणसांच्या गाठींत एवढे तापमान सगळीकडे गाठणेच अवघड असते, आणि तिथे सौम्य उष्णतेचा परिणाम वेगळा दिसतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये मृदू ऊतींच्या सार्कोमाच्या (स्नायू, चरबी अशा ऊतींतील कर्करोगाच्या) रुग्णांत इलेक्ट्रोडने ऑक्सिजन मोजला, तेव्हा पहिल्या हायपरथर्मियानंतरच्या एक-दोन दिवसांत तो वाढलेला आढळला. मोजमाप तापवत असतानाचे आहे, लगेच नंतरचे आहे की दुसऱ्या दिवसाचे आहे, हे लिहून ठेवल्याशिवाय दोन निबंधांची तुलना करू नये.

ज्यांच्या हाताशी महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे त्यांनी खप आणि अंतराचे हे नाते डोळ्यांनी पाहावे. पाण्यात एक टक्का ‘अगर’ (जेल गोठवणारी पूड) उकळून विरघळवावे आणि ते ४५ अंशांच्या खाली येईपर्यंत थांबावे, कारण त्याहून गरम अगरमध्ये यीस्ट मरते आणि अगर गार होता होता गोठायला लागते. मधल्या त्या थोड्या वेळात कोमट पाण्यात कालवलेले बेकरीचे चिमूटभर यीस्ट आणि मिथिलीन ब्ल्यूचे एक-दोन थेंब घालून हलक्या हाताने ढवळावे, बुडबुडे येऊ देऊ नयेत, आणि दोन परीक्षानळ्या सारख्या उंचीपर्यंत भराव्यात. साखर घालू नये; साखरेने यीस्ट वायू सोडते आणि जेलला भेगा पडतात. दुग्धशाळेत दुधाची प्रत पाहायला वापरतात तोच हा रंग आहे : ऑक्सिजन संपला की यीस्टमुळे तो रंगहीन होतो. काही वेळाने नळीचा खालचा भाग पांढुरका होतो आणि वरच्या तोंडाशी, जिथे हवा आत झिरपत असते तिथे, निळी पट्टी उरते. एक नळी बर्फाच्या पाण्यात आणि दुसरी ३८ अंशांच्या पाण्यात ठेवली की गरम नळीतली पट्टी अरुंद होत जाते. यीस्ट कमी घेतले तर पट्टी रुंद मिळते आणि साध्या फूटपट्टीने मोजता येते. या नळीत रक्तप्रवाह नाही, म्हणून केवळ खपाचा परिणाम दिसतो.

आता उष्णतेची बाजू. हॅरी पेनेस यांनी १९४८ मध्ये माणसाच्या हाताच्या पुढच्या भागातील तापमाने मोजून ऊतीतील उष्णतेचे समीकरण मांडले, आणि आजही हायपरथर्मियाची बहुतेक संगणकीय आखणी त्यावरच उभी आहे. त्यात एक पद रक्ताने वाहून नेलेल्या उष्णतेचे असते. गाठीत दर १०० ग्रॅमला मिनिटाला २० मिलिलिटर रक्त वाहते आणि ती शरीरापेक्षा ५ अंश गरम ठेवायची आहे, असे धरावे. आजूबाजूच्या ऊतीत वाहून जाणारी उष्णता सोडून दिली, तरी रक्तच किलोमागे सुमारे ६० वॅट उष्णता पळवते. तेवढी शक्ती सतत पुरवावी लागते. प्रवाह दुप्पट झाला की १२० वॅट. म्हणजे ऑक्सिजनच्या हिशेबात जी वाढ हवीहवीशी होती, तीच इथे यंत्र चालवणाऱ्याच्या मुळावर येते. शक्ती वाढवत नेली तर त्वचेखालची चरबी भाजू लागते आणि रुग्ण कळवळतो. भरपूर रक्तपुरवठा असलेला गाठीचा कडेचा भाग थंड राहतो आणि मंद प्रवाहाचा मधला भाग तापतो, हे हायपरथर्मियाच्या निबंधांत वारंवार येणारे चित्र या एका हिशेबातून निघते.

त्यामुळे ‘गाठ ४३ अंशांपर्यंत तापवली’ हे वाक्य अपुरे आहे. कुठल्या बिंदूवर, किती बिंदूंवर आणि किती मिनिटे, हे त्याच परिच्छेदात सापडले पाहिजे. चांगल्या निबंधात ‘टी ९०’ दिलेला असतो : मोजलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के ज्या तापमानाच्या वर होते ते तापमान. सर्वांत गरम बिंदूचा आकडा मिरवणारा आणि टी ९० न देणारा निबंध माझ्या मते दुय्यम समजावा. वेळ आणि तापमान एकत्र मोजण्यासाठी सापारेटो आणि ड्युई यांनी १९८४ मध्ये सुचवलेले एकक वापरतात. त्यात प्रत्येक तापमानाचे ‘४३ अंशांवरील मिनिटांत’ रूपांतर होते. ४३ च्या वर प्रत्येक अंशाला मिनिटे दुप्पट धरावीत, ४३ च्या खाली प्रत्येक अंशाला चौथा हिस्सा. ४४ अंशांवरची ३० मिनिटे म्हणजे ६० मिनिटे, ४२.५ वरचा एक तास म्हणजे ३०, आणि ४१.५ वरचा तोच तास केवळ साडेसात मिनिटे. एका अंशाची कसर एवढी महाग पडते. एकदा तापलेल्या पेशी काही काळ उष्णतेला सरावतात, म्हणून हे उपचार रोज न देता आठवड्यातून एक-दोनदाच देतात. रोज देण्याची जाहिरात दिसली तर हा सराव लक्षात ठेवावा.

एवढी तयारी झाल्यावर रुग्णांवरील चाचण्या वाचाव्यात. नेदरलँड्समधील चाचणी २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, ओटीपोटातील वाढलेल्या कर्करोगाचे ३५८ रुग्ण, अर्ध्यांना केवळ रेडिएशन आणि अर्ध्यांना सोबत हायपरथर्मिया. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ११४ रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांवरून ८३ टक्के झाले आणि तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण २७ वरून ५१ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत. तरी दोन गोष्टी शेजारी लिहाव्यात : केवळ रेडिएशन घेतलेल्या गटाचे निकाल फारच कमी होते, आणि १९९९ नंतर रेडिएशनसोबत सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचे औषध देणे ही जगभर नेहमीची पद्धत झाल्याने तुलनेचा पायाच बदलला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने घडवून आणलेली ११० रुग्णांची चाचणी २००५ मध्ये छापली गेली, तिच्यात याच आजारात फायदा दिसला नाही. दोन्ही चाचण्यांत यंत्रे वेगळी होती, म्हणून निष्कर्षाआधी तापमानाचा तक्ता उघडावा. त्याच वर्षी ड्यूकच्या चाचणीने हा प्रश्न चांगला हाताळला : वरवरच्या गाठी असलेल्या रुग्णांना आधी एकदा तापवून पाहिले, ज्यांची गाठ तापते त्याच १०९ जणांची चिठ्ठी काढून विभागणी केली, आणि पूर्ण प्रतिसाद, म्हणजे गाठ पूर्ण नाहीशी होण्याचे प्रमाण, ४२.३ टक्क्यांवरून ६६.१ टक्के झाला. आयुष्य मात्र एकंदरीत वाढले नाही.

आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळची चाचणी मुंबईची आहे. मशेरी, तंबाखू आणि सुपारीमुळे तोंडाचा व घशाचा कर्करोग कोकणाला नवा नाही. डॉ. नागराज हुईलगोळ आणि सहकाऱ्यांनी नानावटी रुग्णालयातून २०१० मध्ये डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात केवळ रेडिएशनच्या गटातील ४२.४ टक्क्यांच्या तुलनेत हायपरथर्मियाही दिलेल्या गटात पूर्ण प्रतिसाद ७८.६ टक्के होता आणि मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण निदान जेवढे जगले तो काळ) १४५ दिवसांच्या जागी २४१ दिवस. रुग्णसंख्या लहान आहे, आणि १४५ दिवस हा आकडाच सांगतो की आजार किती पुढे गेलेला होता. लवकर निदान झालेल्या रुग्णाला हे प्रमाण जसेच्या तसे लावता येत नाही. उष्णता आणि रेडिएशन यांतील अंतराबाबतही सावध राहावे : नेदरलँड्समधल्याच दोन केंद्रांच्या २०१७ आणि २०१९ मधील निबंधांपैकी एकाला हे अंतर कमी असणे फायद्याचे दिसले, तर दुसऱ्याला त्याने फरक पडत नाही, मात्र उष्णतेच्या मात्रेने पडतो, असे आढळले.

रुग्ण डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात असो, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा केंद्रात असो की परळच्या टाटा रुग्णालयात, नातेवाइकांनी हायपरथर्मियाबद्दल विचारण्याआधी फाईलमधील हिमोग्लोबिन पाहावे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. त्यामुळे १३ ग्रॅम असलेल्या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर ८ ग्रॅम असलेलीच्या रक्तात जेमतेम साडेदहा. केशवाहिनीच्या शेवटच्या टोकाशी दाब किती उरेल ते यावर ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. रक्तक्षय भरून कसा काढायचा, हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण कर्करोगात रक्तवाढीच्या काही इंजेक्शनांनी अपाय झाल्याचेही नोंदले गेले आहे.

कुठल्या केंद्राने हायपरथर्मिया सुचवलाच तर चार प्रश्न विचारावेत : तो रेडिएशन किंवा केमोऐवजी आहे की त्यांच्यासोबत, गाठीतील तापमान कशाने मोजणार, ते किती बिंदूंवर मोजणार, आणि मोजलेले आकडे रुग्णाच्या कागदांत लिहून देणार का. ‘ऐवजी’ असे उत्तर आले तर तिथेच थांबून मूळच्या डॉक्टरांना दाखवावे. हृदयात पेसमेकर किंवा उपचाराच्या जागेजवळ धातूची पट्टी अथवा स्क्रू असेल तर ते आपणहून आधी सांगावे, कारण गाठ तापवणाऱ्या लहरी त्या जागी भलत्याच एकवटू शकतात. आणि लाईट दिलेल्या, म्हणजे रेडिएशन घेतलेल्या, त्वचेवर घरी गरम पाण्याची पिशवी, वाळूची पुरचुंडी किंवा तव्यावर तापवलेले फडके अजिबात ठेवू नये. त्या कातडीला चटका उशिरा कळतो आणि तिथली जखम भरता भरत नाही.